इंग्रजी वाक्यातला डायरेक्ट ऑब्जेक्ट कसा शोधायचा

शाळेतली ट्रिक सगळ्यांना पाठ असते, व्हर्बला 'व्हॉट' नाहीतर 'हूम' विचारा, उत्तर आलं की तोच डायरेक्ट ऑब्जेक्ट, म्हणजे क्रिया थेट ज्याच्यावर होते ते. 'रवी ब्रोक द ग्लास', काय फोडलं तर ग्लास, विषय संपला. पण ही ट्रिक अर्धीच आहे.

आता 'शी बिकेम अ डॉक्टर' घ्या. व्हॉट विचारलं की डॉक्टर असं उत्तर येतंच, पण तो ऑब्जेक्ट नाहीये, कारण ती आणि डॉक्टर एकच बाई, तिनं दुसऱ्या कशावर काही केलेलंच नाही. बी, बिकम, सीम अशी लिंकिंग व्हर्ब, म्हणजे कर्त्याला त्याच्या वर्णनाशी जोडणारी क्रियापदं, असली की पुढे येतं ते कॉम्प्लिमेंट, म्हणजे कर्ता कोण किंवा कसा ते सांगणारा पूरक शब्द. खात्री करायची तर पॅसिव्ह करून बघा, म्हणजे ऑब्जेक्टला कर्त्याच्या जागी आणा, 'द ग्लास वॉज ब्रोकन' चालतं, 'अ डॉक्टर वॉज बिकम' ऐकूनच कसंतरी होतं. फक्त हॅवसारख्या काही व्हर्बना ही टेस्ट लावू नका, 'आय हॅव अ कार' मधे कार ऑब्जेक्टच आहे पण पॅसिव्ह काही होत नाही.

आपल्याला सगळ्यात जास्त फसवतो तो मराठीतला 'ला'. 'तिनं त्याला पाहिलं' म्हणजे 'शी सॉ हिम', इथे हिम डायरेक्ट. 'तिनं त्याला पुस्तक दिलं' म्हणजे 'शी गेव्ह हिम अ बुक', इथे मात्र दिलं काय तर बुक, म्हणून बुक डायरेक्ट आणि हिम, म्हणजे ज्याला दिलं तो, इनडायरेक्ट. दोन्हीकडे 'त्याला'च आहे, त्यामुळे मनात भाषांतर करून ठरवायला गेलात की गंडलात. 'मला आंबा आवडतो' मधे तर आंबा कर्ता असतो, इंग्रजीत 'आय लाइक मँगोज' म्हटलं की तोच ऑब्जेक्ट होऊन बसतो.

मग प्रिपोझिशन बघायचं, म्हणजे फॉर, विथ, अबाउट असे नामाआधी येणारे शब्द. 'आय वेटेड फॉर द बस' मधे बस फॉरच्या ताब्यात आहे, ती वेटचा डायरेक्ट ऑब्जेक्ट नाही. उलट डिस्कस आणि मॅरीला थेट ऑब्जेक्ट लागतो, 'डिस्कस अबाउट' आणि 'मॅरी विथ' आपण उगाच घुसडतो. आणि 'टर्न ऑफ द फॅन'? तिथला ऑफ व्हर्बचाच भाग आहे, 'टर्न द फॅन ऑफ' असंही म्हणता येतं ना, म्हणजे फॅन ऑब्जेक्ट.

'ही स्लेप्ट टू अवर्स' मधे टू अवर्स हे किती वेळ याचं उत्तर आहे, काय याचं नाही, ते सोडून द्या.