मोठ्या ट्रान्सपोर्ट कंपनीच्या गाडीवर: वही कशी ठेवावी आणि चुकीची कपात कशी टाळावी

कोल्हापूरकडचे बरेच चालक आधी एकदोन गाड्यांच्या मालकाकडे तयार होतात आणि नंतर पगार वेळेवर मिळतो म्हणून शेकडो गाड्यांच्या कंपनीत जातात. मालकाच्या दारात उभे राहून "मालक, काट्यावर असं असं झालं" असे सांगण्याची जी सोय होती, ती तिथे संपते. माल भरवणारा सुपरवायझर एक, स्क्रीनवर गाडी पाहणारा दुसरा आणि हिशोब करणारा क्लार्क तिसऱ्याच शहरात, अशी तिथली रचना असते; त्यांतला कोणीही वाईट वागत नसला, तरी तुमच्या बाजूने बोलण्यासाठी त्याच्या हातात काही नसते. मी सोळा वर्षे अशा एका कंपनीची गाडी चालवली. माझ्या पगारातून चुकीने कापल्या गेलेल्या जवळजवळ प्रत्येक रकमेमागे एकच कारण होते: खरे काय घडले ते मला तोंडाने सांगता येत होते, कागदावर दाखवता येत नव्हते. नव्याने लागणाऱ्या मुलांना हे पहिल्याच फेरीपासून कळावे, म्हणून ही रीत सविस्तर लिहीत आहे.

साधी शंभर पानी वही घ्यावी आणि प्रत्येक फेरीला समोरासमोरची दोन पाने द्यावीत. डाव्या पानावर गाडीचा क्रमांक, बिल्टीचा (मालासोबत मिळणाऱ्या वाहतूक पावतीचा) क्रमांक, निघतानाचे किलोमीटर, टाकीतले डिझेल आणि मिळालेला अ‍ॅडव्हान्स लिहावा. उजव्या पानावर वाटेत जे घडेल ते वेळेसह लिहीत जावे. नोंद त्याच वेळी करावी, कारण रात्री आठवून लिहिलेली वेळ दोन दिवसांनी आपल्यालाच खात्रीची वाटत नाही. फोटो काढावेतच, परंतु तीन महिन्यांनी कपात निघाली की हजार फोटोंतून नेमका तो एक सापडत नाही. वहीत तारखेसमोर "फोटो काढला" एवढे लिहिलेले असले, तर सापडतो.

फाटकावरचे तास

शिरोली एमआयडीसीतून कास्टिंग भरून मी एकदा चेन्नईजवळच्या एका कारखान्यावर शुक्रवारी सकाळी ६ वाजून १० मिनिटांनी पोहोचलो. बाहेर सतरा गाड्यांची रांग होती. पहारेकऱ्याने रजिस्टरमध्ये माझी नोंद केली ती दुपारी ४ वाजता, गाडी आत बोलावल्यावर. आणि गाडी खाली होऊन बाहेर पडायला शनिवारचे दुपारी ४ वाजले. आमच्या कंपनीत पहिले २४ तास सोडून पुढचे हॉल्टिंग, म्हणजे गाडी उभी राहिल्याचे पैसे, मिळत असे. रजिस्टरप्रमाणे मी बरोबर २४ तास उभा होतो, प्रत्यक्षात जवळजवळ ३४ तास. हॉल्टिंगचा एक रुपयाही मिळाला नाही आणि भांडायला माझ्याकडे काहीच नव्हते.

तेव्हापासून मी पाळलेला क्रम असा आहे. गाडी रांगेत लागली की इंजिन बंद करण्यापूर्वी कारखान्याची पाटी आणि आपली गाडी एकत्र दिसेल असा फोटो काढावा. लगेच सुपरवायझरच्या व्हॉट्सअ‍ॅपवर गाडी क्रमांक, बिल्टी क्रमांक आणि "६.१० वाजता फाटकावर हजर, पुढे १७ गाड्या" असा लेखी निरोप पाठवावा, फोन करून सांगितलेले कुठेही उरत नाही. त्यानंतर पहारेकऱ्याला नम्रपणे विनंती करून बिल्टीच्या मागे हजर झाल्याची वेळ आणि त्याची सही घ्यावी. निम्मे पहारेकरी नकार देतात, तर नकार दिल्याचेही वहीत लिहावे. शेवटी पोच, म्हणजे माल मिळाल्याचा सही-शिक्क्याचा कागद, हातात घेताना तिच्यावर शिक्क्याबरोबर येण्याची आणि सुटण्याची अशा दोन्ही वेळा लिहून घ्याव्यात. घाई असते, घरची ओढ असते, हे सगळे मला ठाऊक आहे. तरीही ही पाच मिनिटे द्यावीतच.

वाराईचेही, म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याच्या हमालीचेही, तसेच आहे. ज्याचा माल त्याचा हमाल, हे तत्त्व रास्त आहे, पण प्रत्यक्षात हमाल चालकाकडेच हात पसरतात. पैसे देण्याआधी सुपरवायझरची मंजुरी मेसेजवर घ्यावी आणि पावती मिळत नसेल तर रक्कम व हमालांची संख्या वहीत लिहावी.

काट्यावरची तूट

चालकाला सर्वांत जास्त मनस्ताप तुटीचा, म्हणजे भरताना आणि उतरवताना वजनकाट्यावर आलेल्या वजनांतल्या घटीचा, होतो, कारण त्यात चोरीचा आरोप दडलेला असतो. तुटीचे एक अगदी साधे कारण असे, की दोन्ही ठिकाणच्या भरलेल्या गाडीच्या वजनांची तुलना केली जाते. एक लिटर डिझेलचे वजन साधारण ८३० ग्रॅम असते. कोल्हापुरात टाकी भरून काटा झाला आणि चेन्नईपर्यंत २५० लिटर डिझेल जळाले, तर मालाला हातही न लावता गाडी दोनशे किलोंनी हलकी झालेली असते. म्हणून निव्वळ मालाचे वजन निव्वळ मालाच्याच वजनाशी ताडले जाईल असे पाहावे आणि त्यासाठी रिकाम्या गाडीचे वजन दोन्ही ठिकाणी, भरलेली गाडी ज्या काट्यावर मोजली त्याच काट्यावर, त्याच फेरीत करून घ्यावे. काही काटेवाले आधी साठवून ठेवलेले रिकामे वजन संगणकातून उचलतात. ते चालू देऊ नये. भिजलेली ताडपत्री, दोर, फळ्या, स्टेपनी, चालक केबिनमध्ये होता की खाली उतरला होता, या प्रत्येक गोष्टीने आकडा बदलतो, तेव्हा दोन्ही वेळा स्थिती एकच ठेवावी. काटा पावतीचा कागद बहुधा उष्णतेने छपाई होणारा असतो आणि डॅशबोर्डवर उन्हात राहिला की आठवड्याभरात कोरा होतो, त्यामुळे पावती हातात आल्या आल्या तिचा फोटो घ्यावा.

बंद गाडी असेल तर सीलचा क्रमांक बिल्टीवरच्या क्रमांकाशी जुळवून घ्यावा आणि सील तोडण्यापूर्वी पोचेवर "सील शाबूत" असे लिहून सही घ्यावी.

एवढे करूनही कपात झाली, तर ती निमूटपणे सोसू नये. १९३६ च्या वेतन प्रदान कायद्याने घालून दिलेली आणि २०१९ च्या वेतन संहितेतही कायम राहिलेली तत्त्वे अशी आहेत, की ताब्यात दिलेल्या मालाच्या नुकसानीपोटी पैसे कापायचे असतील तर ते नुकसान कामगाराच्याच हलगर्जीपणामुळे झालेले असावे लागते, कापण्यापूर्वी त्याला आपले म्हणणे मांडण्याची संधी द्यावी लागते आणि सर्वसाधारणपणे एकूण कपात पगाराच्या निम्म्याहून जास्त करता येत नाही. अर्ज चार ओळींचा पुरतो: "दिनांक अमुकच्या फेरीतील कपात मला मान्य नाही. कपातीचे कारण व त्यामागचा कागद लेखी मिळावा. माझ्याकडील काटा पावती व पोच यांच्या प्रती जोडल्या आहेत." त्याची एक प्रत शिक्का मारून आपल्याकडे ठेवावी. उत्तर आले नाही, तर तोच अर्ज घेऊन कोल्हापुरातल्या सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात जाता येते.

डिझेलचा अ‍ॅव्हरेज

डिझेलचा हिशोब ज्यावरून होतो त्या कंपनीच्या तक्त्यात दोन गावांमधले अंतर एकदा भरले की ते वर्षानुवर्षे तसेच राहते. सहापदरीकरणाच्या कामामुळे साताऱ्यापासून कागलपर्यंत सेवा रस्त्यांवरून रांगत जावे लागते, निपाणीपुढे तवंदीचा घाट असतो, पुण्याकडे जाताना खंबाटकी असतो. यांतले काहीही त्या तक्त्याला दिसत नाही. टाकी काठोकाठ भरून निघावे, परत आल्यावर पुन्हा काठोकाठ भरावी आणि मधले सगळे लिटर मीटरच्या किलोमीटरशी जुळवावेत. वळसा पडला तर कुठून कुठे आणि किती किलोमीटर, तेही लिहावे. बीएस-६ गाडीला धूर स्वच्छ करण्यासाठी लागणारा द्रव युरिया सुट्या कॅनमधून घेऊ नये. तो हलक्या दर्जाचा निघाला की इंजिनाची ताकद कमी होते आणि ठपका चालकाच्या पायावर येतो.

चलन, टोल आणि ई-वे बिल

ई-चलन गाडीच्या मालकाच्या नावावर निघते आणि कंपनी ते फेरी कोणाची होती ते पाहून कापते, म्हणून चलनातला फोटो, ठिकाण आणि वेळ मागून आपल्या वहीशी जुळवावी. माझ्या एका सोबत्याचे चलन असे निघाले, की त्या तारखेला तो रजेवर होता. किणी किंवा कोगनोळीला फास्टॅग चालला नाही, तर जादा टोल पडतो (नोव्हेंबर २०२५ च्या नियमाने रोखीने दुप्पट आणि यूपीआयने सव्वापट), तेव्हा फास्टॅगची शिल्लक निघण्यापूर्वीच विचारावी. ई-वे बिलाला, म्हणजे मालासोबतच्या जीएसटीच्या ऑनलाइन कागदाला, दर २०० किलोमीटरमागे एक दिवसाची मुदत असते आणि ती संपण्याच्या ८ तास आधीपासून ८ तास नंतरपर्यंतच वाढवता येते. गाडी बिघडली की पहिला निरोप मुदतीचा द्यावा. जादा माल भरायला सांगितले, तर नकार मेसेजवर द्यावा. दहाचाकी गाडीची एकूण मर्यादा साडेअठ्ठावीस टनांची आहे आणि दंड २०,००० रुपये, शिवाय प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये असा आहे.

झोप

येथे मात्र कोणतीही तडजोड करू नये. लांब पल्ल्यावरही दिवसाला १० तास आणि आठवड्याला ५४ तास, तसेच सलग ५ तासांपूर्वी निदान अर्ध्या तासाची विश्रांती, ही मर्यादा १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने घातली होती. कंट्रोल रूममधून रात्री अडीच वाजता "गाडी का थांबली?" असा फोन येतो. त्या वेळी वाद न घालता "झोप आली आहे, चार तास थांबतो, पंपावर सुरक्षित उभा आहे" असे लिहून ठिकाणासह पाठवावे. असे लिहिलेले वाचल्यावर "तशीच चालव" असे लिहून उत्तर देणारा सुपरवायझर मला सोळा वर्षांत भेटला नाही. डिझेलची चोरी टाळण्यासाठी टाकीची बाजू भिंतीकडे किंवा उजेडाकडे येईल अशी गाडी लावावी.

पावसाळ्यात दोन दिवसांचे पीठ, गॅस आणि पाणी केबिनमध्ये असावे. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेचे पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आले आणि गाड्या कित्येक दिवस जागच्या जागी उभ्या राहिल्या. जुलै २०२१ मध्येही रस्ता पुन्हा बंद झाला. अशा वेळी ज्यांनी पहिल्या तासातच पाण्याचा फोटो आणि निरोप पाठवला होता, त्यांचा उशीर मान्य झाला. महामार्गावर मदतीसाठी १०३३ हा क्रमांक आहे.

कोल्हापूरला परतल्यावर उजळाईवाडीच्या अलीकडे गाडी लावून, घरी जाण्याआधी, वहीची दोन पाने पूर्ण करावीत, पोच जमा करताना तिचा पुढून व मागून फोटो घ्यावा आणि "मिळाली" अशी सही तारखेसह वहीतच घ्यावी.