ड्युप्लिकेट ब्रिज: लॅपटॉपमध्ये गुण नको, कॉन्ट्रॅक्ट भरा
टिळकवाडीत चार-पाच टेबलं मांडून ड्युप्लिकेट ब्रिज, म्हणजे एकदा वाटलेली तीच पानं प्रत्येक टेबलावर खेळून निकालांची तुलना करायचा पत्त्यांचा खेळ, खेळत असाल, तर गुण मोजणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये तयार गुण टाकू नका. कॉन्ट्रॅक्ट (किती हात करायचे आणि हुकूम कोणता, ही शेवटची बोली), तो कोणी खेळला आणि किती हात झाले, एवढंच चिठ्ठीवरून भरा. व्हल्नरेबल कोण, म्हणजे बक्षीस आणि दंड कोणाला जास्त, हे सॉफ्टवेअर बोर्डच्या (वाटलेल्या पानांच्या संचाच्या) नंबरावरून ओळखतं. बोर्ड 2 वर उत्तर-दक्षिण व्हल्नरेबल असतात, म्हणून चार इस्पिकचा कॉन्ट्रॅक्ट (इस्पिक हुकूम, दहा हात) नेमका झाला तर उत्तरेला 620, पूर्वेला मात्र 420. घोळ बहुधा कॉन्ट्रॅक्ट खेळणाऱ्याच्या दिशेचाच होतो. म्हणून निकाल लावण्याआधी बोर्डवार यादी चाळा. उत्तर-दक्षिणेच्या नावावर सगळीकडे 620 आणि एकाच ओळीत उणे 420 दिसलं, की त्या टेबलावर निकाल लिहिलेली चिठ्ठी काढून बघा. मॅचपॉइंटमध्ये, म्हणजे तीच पानं खेळलेल्या इतर जोड्यांशी तुलना करून गुण देण्याच्या पद्धतीत, एक चुकीची ओळ त्या बोर्डवरच्या सगळ्या जोड्यांचे गुण हलवते. आणि पावसाळ्यात आपल्याकडे लाईटचा काय भरवसा, निकाल छापेपर्यंत चिठ्ठ्या टाकू नका.