मोठ्या कंपनीने तुमचं फीचर उचललं तर

पुण्यातल्या मेसवाल्या काकूंसाठी आमचं छोटंसं ॲप आहे. महिन्याचे डबे, जमा रक्कम आणि मुख्य म्हणजे खाडे, म्हणजे डबा नको असलेले दिवस, या सगळ्याचा हिशेब त्यात राहतो. मध्यंतरी एका बड्या प्लॅटफॉर्मने ‘डबा थांबवा’ बटण आणलं. रंगसुद्धा आमचाच! तुमच्यावर ही वेळ आली तर काय करायचं, ते सांगतो.

पहिल्या दिवशी दर पाडू नका. फुकट वाटणं त्यांना परवडतं, तुम्हाला नाही. जाहीर टोमणेही नकोत. २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टने ऑफिसातल्या गप्पा-निरोपांचं टीम्स हे ॲप जाहीर केलं, तेव्हा तसंच ॲप आधीपासून चालवणाऱ्या स्लॅकने न्यूयॉर्क टाइम्समध्ये पानभर जाहिरात देऊन खोचक स्वागत केलं होतं. वाचायला मजा आली, पण टीम्स मायक्रोसॉफ्ट ऑफिसच्या पॅकेजमध्येच मिळायचं, त्याला जाहिरात काय करणार? जुलै २०२० मध्ये स्लॅकने युरोपीय आयोगाकडे तक्रार केली. युरोपात टीम्स वेगळं विकायला सुरुवात झाली ऑक्टोबर २०२३ मध्ये. तोवर स्लॅकला सेल्सफोर्स या बड्या सॉफ्टवेअर कंपनीने विकत घेऊन, ते तिच्या घरी नांदायला जाऊन दोन वर्षं उलटली होती. तक्रार जरूर करा, पण पोरांचे पगार तिच्या भरवशावर ठेवू नका.

वकिलाकडे एक चक्कर पुरे. कॉपीराइट कोडला मिळतो, कल्पनेला नाही. आपल्या पेटंट कायद्याचं कलम ३(के) निव्वळ संगणक प्रोग्रॅमला पेटंट देत नाही. नावाचा ट्रेडमार्क तेवढा घेऊन ठेवा.

खरं काम पुढे आहे. त्यांचं फीचर स्वतः पैसे भरून वापरा आणि कुठे अडतं ते लिहून काढा. आमच्या एका काकूंचा नियम बघा: आदल्या रात्री नऊच्या आत कळवलं तरच खाडा, सलग तीन दिवस असेल तरच पैसे वजा, आणि रविवारची फीस्ट त्यात धरायची नाही. शेजारच्या गल्लीत नियम वेगळे. त्या बटणाला यातलं काहीच कळत नव्हतं. आम्ही हे नियम सेटिंगमधून उचलून पहिल्याच स्क्रीनवर आणले.

मग बघा, त्या मोठ्या कंपनीला कुठे जायचंच नाही. आयपॅडला मॅकचा दुसरा स्क्रीन बनवणारं ल्यूना डिस्प्ले हे ॲस्ट्रोपॅड नावाच्या छोट्या कंपनीचं. २०१९ मध्ये ॲपलने तीच सोय साइडकार नावाने फुकट दिली. ॲस्ट्रोपॅडने पुढे ल्यूना विंडोजवर नेलं. तिथे ॲपल कशाला येतंय? आमचं फीचर उचलणाऱ्या प्लॅटफॉर्मला कमिशन हवं, त्यामुळे काकूंनी रोख किंवा थेट यूपीआयने घेतलेल्या पैशांचा हिशेब तो कधीच नीट ठेवणार नाही. आमचा मुक्काम तिथेच.

शेवटी ग्राहकांना फोन करा. ‘त्यांचं ॲप पाहिलंत का?’ असं चुकूनही विचारू नका. ज्यांनी पाहिलं नसेल, ते पाहतील. विचारायचं, ‘गेल्या महिन्यात हिशेब कुठे अडला?’ एका काकूंनी खाड्यांचं नावही काढलं नाही, सिलिंडर किती दिवस पुरतो ते कळेल का, एवढंच विचारलं. सध्या आमचं त्यावरच काम चालू आहे.