मठ, आश्रम, कॉन्व्हेंटमधल्या माणसांचा आरोग्य विमा बेळगाव सीमाभागात कसा काढावा

संसार सोडलेल्या माणसाच्या दारात विमा एजंट सहसा जात नाही. त्याला पगार नाही, बायको-मुलं नाहीत आणि आरोग्य विम्याची सगळी मांडणी तर कुटुंबावर उभी आहे. त्यामुळे आपल्याकडे एक गोष्ट वरचेवर दिसते. मठाधिपती आजारी पडले की भक्तमंडळी रातोरात पैसे उभे करतात. त्याच मठात उभं आयुष्य दासोहाची, म्हणजे मठातल्या अन्नदानाची, चूल सांभाळणाऱ्या अण्णांना अँजिओप्लास्टी सांगितली की मात्र सगळे एकमेकांची तोंडं बघतात. बांधकामाला देणगी मिळते, अन्नदानाला मिळते, पण आतल्या माणसाच्या दवाखान्याचा विचार कुणी आधी केलेला नसतो.

हे मार्गदर्शन त्या आतल्या माणसांसाठी आहे: मठातले साधक, आश्रमातले ब्रह्मचारी, जैन मठ-मंदिरांतले त्यागी आणि पुजारी, कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर, चर्चचे फादर, मदरशात राहून शिकवणारे मौलाना. आणि त्यांचा कारभार बघणाऱ्या ट्रस्टींसाठी, कारण फॉर्म बहुधा तेच भरतात.

आधी माणसं मोजा

एक साधी वही घ्या. संस्थेत कायम राहणाऱ्या प्रत्येकाचं नाव, आधारवरची जन्मतारीख, चालू असलेली औषधं, पूर्वी झालेली ऑपरेशनं आणि तंबाखूची सवय लिहा. निपाणी-चिकोडीकडे तंबाखू मळणारे हात मठातही असतात. ते लपवू नका. ही वही पुढे प्रत्येक टप्प्यावर लागणार आहे.

व्रतामुळे ज्यांना रुग्णालयातले उपचार घ्यायचेच नाहीत, त्यांच्यावर विमा लादू नये. पण एकाच्या व्रताचं कारण पुढे करून सोबतच्या सगळ्यांना विम्याबाहेर ठेवणं बरोबर नाही. प्रत्येकाला वेगळं विचारा.

सरकारी योजनेत काय बसतं ते बघा

खासगी हप्ता भरण्याआधी हे तपासलंच पाहिजे. आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक योजनेत बीपीएल कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात. एपीएल कार्ड असेल तर सरकार ठरलेल्या पॅकेज दराच्या ३० टक्केच भरतं, आणि तेही वर्षाला दीड लाखाच्या आत. अडचण रेशन कार्डाची आहे. दीक्षा घेतलेल्याचं नाव घरच्या कार्डावरून कमी झालेलं असतं आणि मठाच्या पत्त्यावर नवं कार्ड कुणी काढलेलं नसतं. शिवाय तातडीचा प्रसंग सोडला तर आधी सरकारी रुग्णालयात, म्हणजे बेळगावात बिम्सला, जावं लागतं आणि तिथे सोय नसेल तर पुढची चिठ्ठी मिळते. रुग्णालयात बसणाऱ्या आरोग्यमित्राला आधार दाखवून विचारा. सत्तरी ओलांडलेल्यांसाठी केंद्राने ऑक्टोबर २०२४ मध्ये ५ लाखांचं वेगळं कवच जाहीर केलं आहे, त्याचीही चौकशी तिथेच करा.

महाराष्ट्र सरकारने २०२३ मध्ये महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू करण्याचा निर्णय घेतला, त्याला कर्नाटकाने आक्षेप घेतला. तुमचं गाव त्या यादीत असेल तर कागद जरूर तयार ठेवा. मात्र माणसाच्या जिवाची सगळी भिस्त दोन सरकारांच्या वादात सापडलेल्या योजनेवर ठेवू नये, असं मला वाटतं. खासगी पॉलिसी राज्याची हद्द मानत नाही. आपल्यासाठी ही मोठी गोष्ट आहे, कारण अथणी-कागवाडचा पेशंट मिरजेला जातो, निपाणीचा कोल्हापूरला, खानापूरचा बेळगावला, आणि कधी गोव्याला.

नाव एक करा

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो आणि तो पेशंट दाखल झाल्यावर उघडा पडतो. कॉन्व्हेंटमध्ये सगळे जिला सिस्टर मेरी म्हणतात ती आधारवर फिलोमिना असते. रात्री छातीत दुखलं म्हणून नेलं, सोबतच्या सिस्टरने काउंटरवर सवयीने ‘सिस्टर मेरी’ सांगितलं, केस पेपर त्या नावाने निघाला, रक्ताचे रिपोर्ट त्याच नावाने आले. सकाळी कॅशलेसचा, म्हणजे कंपनीने बिल थेट रुग्णालयाला भरावं म्हणून, अर्ज गेला तेव्हा पॉलिसीवर फिलोमिना. मग प्रतिज्ञापत्र आणा, संस्थेचं पत्र आणा, तोवर डिपॉझिट भरा.

यावर दोन उपाय आहेत. धार्मिक नाव कायमचं करायचं असेल तर प्रतिज्ञापत्र, वर्तमानपत्रात जाहिरात आणि राजपत्रात नोंद करून आधार, पॅन आणि बँक खातं या क्रमाने बदलून घ्या. एवढं करायचं नसेल तर पॉलिसी आधारवरच्या नावानेच काढा आणि संस्थेच्या लेटरहेडवर ‘ही दोन्ही नावं एकाच व्यक्तीची’ असं पत्र सही-शिक्क्यासह तयार ठेवा. आधार आणि पॉलिसी कार्डाच्या झेरॉक्ससोबत ते एका पाकिटात घालून अशा ठिकाणी ठेवा की रात्री दोन वाजता धाकट्या साधकालाही ते सापडेल.

वडिलांच्या नावाचा प्रश्नही येतो. पासपोर्टसाठी साधू-संन्याशांना आई-वडिलांच्या जागी गुरूंचं नाव देण्याची मुभा डिसेंबर २०१६ पासून आहे. मात्र ते नाव आधी आधार, पॅन किंवा मतदार ओळखपत्रासारख्या एखाद्या सरकारी कागदावर असावं लागतं.

प्रत्येकाचं स्वतःचं बँक खातं असू द्या. अपरिग्रहाचं व्रत असलं तरी झिरो बॅलन्सचं जनधन खातं काढता येतं. वैयक्तिक पॉलिसीत आधी भरलेल्या बिलाचे पैसे खात्यातच येतात, आणि खातं नसेल तर मंजूर झालेला क्लेमही अडकून राहतो.

एकेकाची पॉलिसी की सगळ्यांची मिळून?

फॅमिली फ्लोटर, म्हणजे एकाच विमा रकमेत सगळं कुटुंब बसवणारी पॉलिसी, इथे चालत नाही, हे आधी लक्षात घ्या. त्यात नवरा-बायको, मुलं, आई-वडील, कधी सासू-सासरे बसतात. गुरुबंधू किंवा एकाच कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर विम्याच्या हिशेबात कुटुंब ठरत नाहीत. एखादा एजंट ‘भाऊ म्हणून दाखवू’ म्हणाला तर त्याला दाराबाहेरचा रस्ता दाखवा. खोटं नातं क्लेमच्या वेळी निघतं आणि सगळी पॉलिसी जाते.

मग उरतात दोन वाटा. वैयक्तिक पॉलिसी माणसाच्या नावावर असते. तो मठ सोडून गेला तरी ती त्याच्यासोबत जाते. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटी नाही. एप्रिल २०२४ पासून वयाची ६५ वर्षांची जुनी आडकाठीही नियमातून गेली आहे. पण मधुमेह, बीपी, हृदयविकार आधीपासून असेल तर कंपनी हप्ता वाढवते, कधी पॉलिसी नाकारते, आणि दिली तरी त्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबायला लावू शकते. यालाच प्रतीक्षाकाळ म्हणतात.

सामूहिक म्हणजे ग्रुप पॉलिसी ट्रस्टच्या नावाने निघते. फक्त विमा मिळावा म्हणून जमवलेला गट चालत नाही, पण नोंदणी असलेल्या मठाचे किंवा धर्मसंघाचे निवासी हा खराखुरा गट आहे. त्यात जुने आजार पहिल्या दिवसापासून घेण्याची अट ठरवून घेता येते आणि म्हाताऱ्या माणसांना हा फार मोठा आधार असतो. मात्र यावर १८ टक्के जीएसटी आहे, म्हणजे एक लाखाच्या हप्त्याला एक लाख अठरा हजार मोजावे लागतात. एका वर्षी क्लेम जास्त झाले तर पुढच्या वर्षी दर चढतो. आणि ट्रस्टने नूतनीकरण चुकवलं की सगळेच एका दिवसात उघड्यावर पडतात.

माझं मत विचाराल तर चाळिशीच्या आतल्या, धडधाकट साधकांची वैयक्तिक पॉलिसी आजच काढा. त्यांचा प्रतीक्षाकाळ आजार येण्याआधीच संपून जाईल. ज्येष्ठ आणि आजारी मंडळींसाठी ग्रुप पॉलिसीचा भाव मागवा. कुणी दीक्षा सोडून, संघ सोडून बाहेर पडणार असेल तर त्याच कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची सोय असते आणि आधी काढलेला प्रतीक्षाकाळ त्यात धरला जातो. हे त्या व्यक्तीला ट्रस्टींनी स्वतःहून सांगायला हवं. रिकाम्या हाताने बाहेर पडलेल्या पन्नाशीच्या बाईला नव्याने विमा मिळवणं किती कठीण असतं याचा विचार करा.

सिस्टर आणि फादर मंडळींनी आधी आपल्या प्रांताच्या कार्यालयात विचारावं. संघाची एकत्रित पॉलिसी असेल तर नवी काढायची गरज नाही, फक्त सदस्यत्वाचं प्रमाणपत्र मागून घ्यावं. ग्रुपमधल्या प्रत्येकाला ते मिळायलाच हवं.

पॉलिसीत काय वाचायचं

सगळी पॉलिसी कुणी वाचत नाही. पण खोलीभाड्याची ओळ शोधून वाचा. समजा तीन लाखांची पॉलिसी आहे आणि खोलीभाडं विमा रकमेच्या १ टक्का, म्हणजे दिवसाला ३,००० रुपये. महाराजांना गर्दीचा त्रास नको म्हणून भक्तांनी ६,००० ची खोली घेतली. पाच दिवसांचं बिल दोन लाख झालं: खोली ३०,०००, डॉक्टर-ऑपरेशन थिएटर वगैरे एक लाख, औषधं-तपासण्या-इम्प्लांट ७०,०००. खोली दुप्पट दराची, म्हणून कंपनी खोलीचे १५,००० देते आणि डॉक्टर-थिएटरचेही निम्मेच, ५०,००० देते. औषधं, तपासण्या आणि इम्प्लांट या कापाकापीत येत नाहीत, ते ७०,००० पूर्ण मिळतात. हाती आले एक लाख पस्तीस हजार, खिशातून गेले पासष्ट हजार. खोलीतला फरक फक्त पंधरा हजारांचा होता! म्हणून खोलीभाड्यावर मर्यादा नसलेली पॉलिसी थोडी महाग पडली तरी घ्यावी. ते शक्य नसेल तर दाखल होतानाच मर्यादेतली खोली मागावी.

हप्ता अगदीच झेपत नसेल तर ‘आरोग्य संजीवनी’ आहे. एप्रिल २०२० पासून ही प्रमाणित पॉलिसी कंपन्यांकडे मिळते. तिच्यात खोलीला दिवसाला विमा रकमेच्या २ टक्के, जास्तीत जास्त ५,००० रुपये, आणि प्रत्येक क्लेममध्ये ५ टक्के आपला वाटा.

मोतीबिंदू, हर्निया, गुडघा बदलणे यांना बऱ्याच पॉलिसींत दोन वर्षं थांबावं लागतं. वर्षानुवर्षं मांडी घालून बसणाऱ्यांचा गुडघ्याचा प्रश्न खरा असतो, तेव्हा ही मुदत आधीच विचारा. आश्रमवासी बहुधा आधी आयुर्वेदाकडे वळतात. आयुष, म्हणजे आयुर्वेद, होमिओपॅथी वगैरे, उपचारांना ॲलोपॅथीच्या बरोबरीने कवच द्यावं असा नियम एप्रिल २०२४ पासून आहे. त्यासाठी नियमात बसणाऱ्या आयुष रुग्णालयात दाखल व्हावं लागतं, नुसत्या विश्रांतीसाठी केलेलं पंचकर्म त्यात धरत नाहीत.

कॅशलेस रुग्णालयांची यादी गावाप्रमाणे तपासा: बेळगाव, मिरज, कोल्हापूर, हुबळी, गोवा. काही पॉलिसींत छोट्या शहराच्या दराने हप्ता भरून बेंगळुरू-मुंबईत उपचार घेतले तर काही टक्के आपल्याला भरावे लागतात, तेही विचारा.

फॉर्म भरताना

तुमची वही इथे उघडा. साखरेची गोळी चालू आहे, बायपास झाली आहे, तंबाखू आहे, सगळं लिहा. ‘थोडीच शुगर आहे, लिहू नका’ हा एजंटचा सल्ला मानू नका. सलग ६० महिने पॉलिसी चालली की लपवाछपवीच्या कारणावरून कंपनी क्लेम नाकारू शकत नाही, सिद्ध झालेली फसवणूक सोडून. पण त्या पाच वर्षांत आजार थांबून राहत नाही.

फॉर्म इंग्रजी किंवा कन्नडमध्ये असतो आणि सही मराठीत होते. अशा वेळी मजकूर समजावून सांगितल्याचं निवेदन फॉर्मवर भरून घेतात. ते कोरं सोडून सही करू नका, समजावणाऱ्याचं नाव तिथे पडू द्या. ग्राहक माहिती पत्रक स्थानिक भाषेत मागता येतं, मराठीत मागा.

नॉमिनी रक्ताचाच हवा असं काही जण सांगतात. कायद्यात तशी बंदी नाही. गुरुबंधू किंवा संस्थेतली सोबतीण लिहिता येते. कंपनीने नातं विचारलं तर खरं ते लिहा. वैयक्तिक पॉलिसीचा हप्ता ट्रस्टच्या खात्यातून जाणार असेल तर चालेल का हे आधी लेखी विचारून घ्या.

पॉलिसी हातात आल्यावर ३० दिवसांत परत करता येते. त्या दिवसांत नाव, जन्मतारीख आणि लिहिलेले आजार तिच्यात उतरलेत का ते बघा.

दवाखान्यात

ठरवून ऑपरेशन असेल तर दोन दिवस आधी कळवा, तातडीचं असेल तर चोवीस तासांत. बहुतेक पॉलिसींत हीच मुदत असते. कॅशलेसच्या अर्जावर कंपनीने एका तासात निर्णय द्यायचा आणि डिस्चार्जची अंतिम मंजुरी तीन तासांत, असा विमा नियामकाचा (आयआरडीएआय) २०२४ चा आदेश आहे. टीपीए डेस्कवर, म्हणजे रुग्णालयात विम्याचे कागद बघणाऱ्या टेबलावर, उशीर झाला तर हा नियम नम्रपणे सांगा आणि अर्ज किती वाजता गेला ते लिहून ठेवा.

क्लेम नाकारला तर

नकार लेखी मागा आणि त्यात पॉलिसीच्या कुठल्या कलमाचा आधार घेतलाय ते बघा. आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे जा. नियामकाच्या बिमा भरोसा पोर्टलवर किंवा १५५२५५ या क्रमांकावरही तक्रार नोंदवता येते. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे अर्ज करा. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचे दावे चालतात. बेळगाव जिल्ह्यातल्या माणसाने बेंगळुरूच्या लोकपालाकडे जायचं असतं; संस्थेची शाखा कोल्हापूर-सांगलीकडे असून पॉलिसीवर तिथला पत्ता असेल तर पुण्याच्या. तक्रारीवर सही ज्याचा विमा आहे त्याची हवी, ट्रस्टच्या अध्यक्षांची नव्हे. माणूस अंथरुणाला खिळला असेल तर अर्ज त्याच्या खोलीत नेऊन, वाचून दाखवून सही घ्यावी.