भरती चढताना कर्ल्यू सँडपायपर कसा ओळखावा, कसा मोजावा

कर्ल्यू सँडपायपर हा हिवाळ्यात आपल्या किनाऱ्यावर दिसणारा छोटा किनारपक्षी. दुर्बीण, टोपी, वही, पाणी यांची यादी देत बसत नाही. जमलं तर कुणाचा तरी स्पॉटिंग स्कोप (तिवईवरची लांबचं दाखवणारी दुर्बीण) मागून आणा.

वेळ तिथीवरून काढा. तिथीची पाऊणपट केली की मुंबईच्या किनाऱ्यावर पूर्ण भरती साधारण कधी ते कळतं : अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. भरतीच्या कोष्टकाशी एकदा ताडून घ्या आणि त्याच्या तीन तास आधी शिवडीच्या किंवा ठाणे खाडीच्या चिखलपट्टीवर पोहोचा. ऐन ओहोटीला पक्षी फार लांब पांगलेले असतात.

आता ओळख. ‘चोच बाकदार दिसली की कर्ल्यू सँडपायपर’ असं सांगणाऱ्याचं ऐकू नका. हिवाळ्यात हे छोटे किनारपक्षी बहुतेक सगळे वरून राखाडी आणि खालून पांढरे असतात, आणि चोच डनलिन या त्याच्यासारख्याच दिसणाऱ्या पक्ष्याचीही वाकलेली असते. त्या सल्ल्यावर विसंबून केलेल्या दोन हिवाळ्यांच्या नोंदी मला नंतर खोडाव्या लागल्या. कर्ल्यू सँडपायपर लांब पायांचा, चोच बऱ्यापैकी सलग बाकदार, भुवई ठळक पांढरी. डनलिन बुटका, चोच मुख्यतः टोकाकडे वळलेली. जवळून हे पुरतं. शंभर मीटरवर, उन्हाच्या झळांमध्ये, नाही पुरत.

पक्की खूण शेपटीच्या बुडाशी आहे. कर्ल्यू सँडपायपरचा तो भाग हिवाळ्यात पांढराशुभ्र असतो, डनलिनच्या मधोमध गडद पट्टी असते. पण ती दिसते पक्षी उडताना, आणि इथेच सगळ्यात वाईट सल्ला मिळतो : ‘टाळी वाजवा, चार पावलं पुढे व्हा, उडतील की!’

असं कधीही करू नका. जेमतेम साठ ग्रॅमचा हा पक्षी सैबेरियाच्या टुंड्रात अंडी घालतो आणि परतीच्या प्रवासाची चरबी याच चिखलातले किडे खाऊन साठवतो. आपण उडवलेली प्रत्येक भरारी त्या साठ्यातून जाते. एप्रिलमध्ये विणीचा रंग चढून पोटं विटकरी होऊ लागली की तर मी चिखलाच्या कडेलाही जात नाही. २०२४ मध्ये आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेने या पक्ष्याला ‘असुरक्षित’ वर्गात टाकलं आहे. आपल्या नोंदीपायी त्याला उपाशी ठेवायचा अधिकार आपल्याला नाही.

पाणीच त्यांना उठवतं. एका जागी बसून राहा. भरतीचं पाणी पोटाला लागलं की थवा आपणहून उठतो आणि थोडा मागे जाऊन बसतो. त्या दोन-तीन सेकंदांत चोच, पाय सगळं विसरा आणि फक्त शेपटीचं बूड बघा. पहिल्या वेळी काहीच हाती लागणार नाही. पाणी पुन्हा चढेल, थवा पुन्हा उठेल. उधाणाच्या दिवसांत हे झरझर होतं, म्हणून नवख्याने भांगाचे, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या लहान भरतीचे दिवस धरावेत.

मोजायचं थवा टेकल्यावर. दहा पक्षी मोजा, त्यांनी व्यापलेली जागा डोळ्यांत धरा आणि त्या मापाने पुढे सरका. थवा मिश्र असेल तर शंभरात कर्ल्यू सँडपायपर किती ते बघा, पण एकाच कडेला नाही. लिटल स्टिंट हे आणखी छोटे किनारपक्षी कोरड्या बाजूला असतात, कर्ल्यू सँडपायपर पोटापर्यंत पाण्यात. तीन ठिकाणी मोजून सरासरी काढा.

ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर आकडा लिहा, नुसतं ‘दिसले’ नको. जानेवारीच्या आशियाई पाणपक्षी गणनेतही भाग घ्या. एखाद्या प्रजातीच्या जगातल्या एखाद्या गटातले (पॉप्युलेशनमधले) एक टक्का पक्षी एका जागी नियमित येत असतील, तर ती जागा रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ, ठरू शकते. ठाणे खाडी २०२२ मध्ये ठरली. भरतीला हेच पक्षी ज्या लहान पाणथळींवर विसाव्याला जातात, त्यांच्यासाठी मात्र बोलायला आपल्याकडे आकडेच हवेत.

पायात अभ्यासकांनी लावलेली रंगीत पट्टी दिसली तर कोणता पाय, गुडघ्याच्या वर की खाली, रंग आणि अक्षरं लिहून बीएनएचएसला (बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीला) कळवा. अक्षरं वाचता आली नाहीत तर रंग तेवढा कळवा, वाचायला म्हणून जवळ जाऊ नका.