‘इज म्हणजे आहे’ आणि मंडळी : मुलांच्या इंग्रजी वाक्यांतल्या या चुका टाळा

‘माय फादर आर अ फार्मर. दे गो टू फार्म.’

चौथीतल्या मुलाच्या वहीत हे दिसलं की लाल पेन आपोआप चालतं. ‘आर’ खोडून ‘इज’, ‘दे’ खोडून ‘ही’, विषय संपला. पण पोरानं इथे हलगर्जीपणा केलेला नाही. ‘माझे बाबा शेतकरी आहेत, ते शेतावर जातात’ हे वाक्य त्याच्या डोक्यात आहे आणि बाबांना ‘तो जातो’ म्हणायची त्याच्या घरी पद्धत नाही. गंमत म्हणजे हाच मुलगा आईबद्दल ‘माय मदर इज अ टीचर, शी गोज टू स्कूल’ असं बिनचूक लिहून जातो. आईला आपण ‘ती येते’ म्हणतो, म्हणून तिथे इंग्रजीही सुरळीत. आजोबा, सर, काका आले की पुन्हा ‘आर’ आणि ‘दे’.

मराठी माध्यमाच्या मुलांच्या बहुतेक चुका अशाच असतात. चुकीच्या मागे एक अगदी बरोबर मराठी वाक्य उभं असतं. ते वाक्य सापडलं की दुरुस्ती सोपी होते. ते न शोधता नुसतं उत्तर खोडलं, तर पुढच्या सोमवारी तीच चूक पुन्हा वहीत येते. एस. पिट कॉर्डर या ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञाने १९६७ साली हेच मांडलं होतं: शिकणाऱ्याची चूक म्हणजे त्याच्या डोक्यात सध्या कोणता नियम चालू आहे याचा पुरावा.

वरच्या चुकीवर उपाय एवढाच की इंग्रजीत आदर क्रियापदात दाखवत नाहीत, हे मुलाला स्पष्ट सांगायचं. एक पुरुष म्हणजे ‘ही’, मग ते पंतप्रधान असोत की गल्लीतला बंटी. ‘तू’, ‘तुम्ही’, ‘आपण’ या तिन्हींना मिळून एकच ‘यू’. मुलांना हे ऐकून आधी हसू येतं. त्या हसण्यात नियम लक्षात राहतो.

वस्तूंचंही तेच. खुर्ची ती, फळा तो, टेबल ते. म्हणून ‘द चेअर इज ब्रोकन, शी इज ओल्ड’. निर्जीव वस्तू एक असेल तर ‘इट’, अनेक असतील तर ‘दे’; एवढं तिसरी-चौथीला पुरतं.

इथे एक छोटा सापळा आहे आणि तो आपणच लावतो. मुलं इंग्रजी शब्दांवर देवनागरीत उच्चार लिहून घेतात. वहीत ‘ही’ लिहिलं की मराठी डोळ्याला ती मुलगीच दिसते: ही माझी बहीण. मग ‘ही इज माय सिस्टर’. तसंच ‘मी’. इंग्रजीत तो ‘मला’ आहे, पण पोराला तो साक्षात ‘मी’ वाटतो आणि ‘मी गो टू स्कूल’ तयार होतं. बाकीच्या शब्दांवर हवे तर उच्चार लिहू द्या. ‘ही’ आणि ‘मी’ हे दोन मात्र फक्त इंग्रजी अक्षरांतच लिहायचे आणि तोंडानेच पक्के करायचे.

सगळ्यांत मोठं दुखणं: ‘आहे’

अनेक वर्गांत धडा असा चालतो: ‘दिस म्हणजे हा, इज म्हणजे आहे, अ म्हणजे एक, बॉल म्हणजे चेंडू.’ वर्ग एका सुरात म्हणतो, बाहेरून ऐकायला छान वाटतं. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आलं. तेव्हापासून हा सूर पाचवीवरून पहिलीत उतरला, एवढाच फरक. ‘दिस इज अ बॉल’पुरती ही पद्धत चालून जाते. पुढे ती अडवते, कारण मराठीतला ‘आहे’ निदान चार वेगवेगळी कामं करतो आणि इंग्रजीत त्या चारांची सोय वेगवेगळी आहे.

‘ती डॉक्टर आहे’ इथे ओळख सांगितली. तिथे ‘इज’ बरोबर: ‘शी इज अ डॉक्टर’. ‘मला दोन भाऊ आहेत’, ‘माझ्याकडे सायकल आहे’ इथे नातं किंवा मालकी सांगितली. इथे ‘हॅव’ लागतं. ‘इज म्हणजे आहे’ घोकलेला मुलगा ‘आय ॲम टू ब्रदर्स’ लिहितो, म्हणजे ‘मी दोन भाऊ आहे’. ‘पिशवीत आंबे आहेत’ इथे एखादी गोष्ट कुठे आहे हे सांगितलं. इंग्रजीत ‘देअर आर मँगोज इन द बॅग’. मुलं लिहितात ‘इन द बॅग मँगोज आर’. आणि ‘मी जेवतो आहे’ इथे ‘आहे’ नुसता मदतनीस. त्याच्या जोडीने क्रियापदाला आयएनजी लागतं: ‘आय ॲम ईटिंग’. नियम अर्धवट कळला की ‘आय ॲम ईट’ येतं आणि ते वर्षानुवर्षं राहतं.

यावर एक सराव फार कामाचा आहे. दहा-बारा मराठी वाक्यं घ्या, सगळ्यांत ‘आहे’ असलेली. भाषांतर करायला सांगू नका. फळ्यावर चार चौकोन काढा: ओळख, माझ्याकडे, तिथे, चालू काम. प्रत्येक वाक्य कोणत्या चौकोनात, एवढंच मुलांनी सांगायचं. ‘आज सुट्टी आहे’ कुठे टाकायचं यावर वर्गात भांडण होतं. होऊ द्या. (ते ओळखीत जातं, इंग्रजीत ‘इट इज अ हॉलिडे टुडे’, आणि तो ‘इट’ कुठून आला हा प्रश्न एखादी चलाख मुलगी विचारतेच. इंग्रजी वाक्याला कर्त्याची जागा रिकामी चालत नाही, म्हणून तिथे बसवलेला हा नावापुरता कर्ता. ‘इट इज रेनिंग’मध्येही तोच.) चौकोन पक्के झाल्यावर इंग्रजी आपोआप जागेवर येतं असं नाही, पण ‘आय ॲम टू ब्रदर्स’ मात्र जवळजवळ बंद होतं.

उलट चूकही होते. ‘माझं नाव सागर’, ‘दादा खूप हुशार’ असं आपण सहज बोलतो, म्हणून ‘माय नेम सागर’. इंग्रजी वाक्य क्रियापदाशिवाय उभं राहत नाही.

‘मला’ने सुरू होणारी वाक्यं

मला भूक लागली. मला आंबा आवडतो. मला ताप आलाय. मला पोहता येतं. मला घरी जायचंय. मला थंडी वाजते.

मराठीत या वाक्यांत ‘मी’ काही करत नाही. भूक लागते, ताप येतो, थंडी वाजते. मी बिचारा नुसता सोसणारा. इंग्रजीत मात्र या सगळ्यांत ‘आय’ पुढे येऊन उभा राहतो: आय ॲम हंग्री, आय लाइक मँगोज, आय हॅव अ फीवर, आय कॅन स्विम, आय वाँट टू गो होम, आय फील कोल्ड. शब्दाला शब्द लावत बसलेला मुलगा इथे अडखळतो, आणि ‘टू मी हंगर कम’ असं काहीतरी लिहितो.

मुलांना एक प्रश्न विचारायची सवय लावा: या वाक्यात काही करणारा दुसरा कुणी माणूस आहे का? नसेल, तर ‘मला’चा बहुधा ‘आय’ होतो. ‘ताईने मला पुस्तक दिलं’ यात देणारी ताई आहे, तिथे ‘मला’ हा ‘मी’च राहतो, इंग्रजीतला: ‘माय सिस्टर गेव्ह मी अ बुक’. ही सहा वाक्यं तक्ता करून भिंतीला लावली तर घरातल्या मोठ्यांनाही उपयोगी पडतील.

प्रश्न विचारताना

‘आय स्कूल गो’ ही चूक फार टिकत नाही. क्रियापद मराठीत शेवटी आणि इंग्रजीत कर्त्यामागोमाग, हे वर्षभरात कानाला कळतं. प्रश्नाचं तसं नाही. ‘यू आर व्हेअर गोइंग?’, ‘व्हाय यू डिड नॉट कम?’ हे महाविद्यालयातही ऐकू येतं. मराठीत प्रश्न विचारताना शब्द हलवावे लागत नाहीत. ‘तू घरी जातो आहेस’ आणि ‘तू कुठे जातो आहेस’, रचना तीच. हो-नाहीच्या प्रश्नाला तर शेवटी ‘का’ जोडला की झालं. त्यामुळे सहायक क्रियापद उडी मारून कर्त्याच्या पुढे जातं, ही कल्पनाच मुलाला नवी असते.

ती समजावण्यापेक्षा हातांनी करू द्या. जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागून पट्ट्या कापा आणि एकेका पट्टीवर एकेक शब्द लिहा: यू, आर, गोइंग, होम. सहायक क्रियापदाची पट्टी लाल शाईत. विधान मांडून झालं की लाल पट्टी उचलून पुढे ठेवायची, प्रश्न तयार. मग ‘होम’ काढून ‘व्हेअर’ सगळ्यांत पुढे.

आता ‘यू लाइक मँगोज’ मांडा. लाल पट्टी कुठे आहे? नाहीच. तेव्हा डब्यातून ‘डू’ आणायचा. इथे ‘डू म्हणजे करणे’ हे चुकूनही सांगू नका. ‘डू यू लाइक’मधल्या ‘डू’ला मराठीत प्रतिशब्द नाही. तो फक्त प्रश्नाची जागा भरतो.

‘डझ’ आणि ‘डिड’ला आणखी एक सवय आहे. मुख्य क्रियापदावरची खूण ते स्वतःकडे घेतात. ‘ही प्लेज’चा प्रश्न ‘डझ ही प्ले?’, ‘शी वेंट’चा नकार ‘शी डिड नॉट गो’. ‘डिड नॉट वेंट’ ही चूक मुलांपेक्षा मोठ्यांत जास्त सापडते. ज्यांनी काळांची नावं घोकली पण वाक्यं बोलली नाहीत, त्यांच्यात तर हमखास.

एसचा गोंधळ याला लागूनच. मुलाला शिकवलेलं असतं की एस म्हणजे अनेकवचन, म्हणून ‘बॉइज प्लेज’. त्याला सांगा, एस म्हणजे घरातली एकुलती एक छत्री. कर्त्याने नेली तर क्रियापद तसंच जाणार: ‘बॉइज प्ले’. कर्त्याकडे नसेल तर क्रियापद नेणार: ‘बॉय प्लेज’. ‘चिल्ड्रन’ किंवा ‘बस’सारखे शब्द या युक्तीत बसत नाहीत, पण सुरुवातीला ती पुरे. खरं तर ‘जातो, जाते, जातोस, जातेस, जातात’ लीलया बोलणाऱ्या पोराला एका एसचं ओझं व्हायचं कारण नाही.

तरी बोलताना तो एस गळतोच. तिथे घाई करू नये. हार्वर्डचे मानसशास्त्रज्ञ रॉजर ब्राउन यांनी तीन इंग्रजीभाषक मुलांचं बोलणं बारकाईने टिपलं होतं. १९७३ साली ते प्रसिद्ध झालं. आयएनजी त्या मुलांच्या बोलण्यात अगदी लवकर आलं आणि ‘ही गोज’मधला हा एस बराच उशिरा. ज्यांची ती मातृभाषा, त्यांची ही कथा. आपल्या तिसरीतल्या मुलीने वहीत ‘शी गोज’ लिहिलं आणि तोंडाने ‘शी गो’ म्हटलं, तर तिला तिथेच थांबवू नका.

एक म्हणजे वन नव्हे

‘आय ॲम वन गर्ल’ हे ‘मी एक मुलगी आहे’चं भाषांतर. मोजायचं असेल तेव्हाच ‘वन’, एरवी ‘अ’ किंवा ‘ॲन’. या दोघांतलं कोणतं, यासाठी पाच स्वरांची यादी पाठ करून घेतात आणि मग ‘ॲन युनिफॉर्म’, ‘अ अवर’ अशी फसगत होते. मराठी मुलांच्या हातात याहून चांगलं साधन आहे: देवनागरी. शब्द देवनागरीत लिहून बघा. पहिलं अक्षर अ, आ, इ, ए, ओ असं स्वराचं आलं तर ‘ॲन’. अवर, अंब्रेला, एमएलए: ॲन. युनिफॉर्म, युनिव्हर्सिटी, वन-रुपी कॉइन: अ. स्पेलिंगकडे बघायचंच नाही.

‘द’चा विषय मात्र प्राथमिक शाळेत खोलात नेऊ नये. वाचनातून तो हळूहळू बसतो. नियमांच्या यादीतून बसलेला फारसा दिसत नाही.

शब्दयोगी अव्ययांचं थोडक्यात: ‘पाच वाजता’ला ‘ॲट’, ‘सोमवारी’ला ‘ऑन’, ‘मे महिन्यात’ला ‘इन’. ‘दोन वर्षांपासून’ला ‘फॉर टू इयर्स’ आणि ‘सोमवारपासून’ला ‘सिन्स मंडे’, कारण ‘फॉर’ला किती काळ ते हवं आणि ‘सिन्स’ला कधीपासून ते. मराठीतला ‘पासून’ दोन्हीकडे चालतो, म्हणून ‘सिन्स टू इयर्स’ होतं. ‘माझे केस काळे आहेत’ वरून ‘माय हेअर्स आर ब्लॅक’ होतं. डोक्यावरचे सगळे केस मिळून इंग्रजीत एकवचनी ‘हेअर’.

दुरुस्ती करताना आपण करतो त्या चुका

पहिली, सगळंच दुरुस्त करणं. सहा ओळींच्या निबंधात अकरा लाल खुणा दिसल्या की मूल पुढच्या वेळी तीनच ओळी लिहितं, चुका कमी होतात आणि आपल्याला वाटतं प्रगती झाली. आठवड्याला एकच प्रकार निवडा. या आठवड्यात फक्त ‘हॅव’, बाकी चुकांकडे डोळेझाक.

दुसरी, मध्येच तोडणं. मुलगा म्हणाला, ‘यस्टरडे आय गो टू मार्केट.’ त्याला ‘गो नाही, वेंट!’ म्हणण्याऐवजी ‘ओ, यू वेंट टू द मार्केट? व्हॉट डिड यू बाय?’ असं विचारा. बरोबर रूप त्याच्या कानावर पडतं आणि गप्पाही थांबत नाहीत. तेवढ्याने भागलं नाही, तर नंतर निवांतपणे पट्ट्या काढाव्यात.

तिसरी चूक काळांच्या बारा नावांची. पाचवीतल्या मुलाला ‘पास्ट परफेक्ट कंटिन्युअस’ म्हणता येतं आणि ‘काल तू काय केलंस’ याचं उत्तर इंग्रजीत देता येत नाही, अशी घरं भरपूर आहेत. या वयात रोजचं, चालू असलेलं, होऊन गेलेलं आणि उद्याचं, एवढे चार पुरेत. नावं नंतर येतील.

आणि कोणतंच कारण सापडत नसेल, तर मुलालाच विचारा: ‘तुला मराठीत काय म्हणायचं होतं?’ ‘माय टीथ आर पेनिंग टू मी’ असं लिहिणारी मुलगी सांगेल, ‘माझे दात दुखतायत.’ मग खोडायला काय लागतं ते कळतं: ‘टू मी’ जाणार, ‘पेनिंग’च्या जागी ‘हर्टिंग’ येणार, ‘माय टीथ आर’ हा भाग तिचा तिला बरोबर आला होता.