नेटबॉल कसा खेळतात: आधी अक्षरं बघा, मग बॉल

शालेय स्पर्धांत नेटबॉल आहे, कॉमनवेल्थमध्ये 1998 पासून आहे, 2010 ला दिल्लीत आपली टीम उतरली पण होती, तरी कुणाच्या पोरीचं नाव नेटबॉल टीममध्ये आलं की घरचा पहिला प्रश्न ठरलेला, "म्हणजे बास्केटबॉलच ना?" नाही. रिंगची उंची तेवढी सारखी, 10 फूट म्हणजे 3.05 मीटर. बाकी बास्केटबॉलच्या ज्या सवयी घेऊन पोरं येतात ना, त्या पहिल्या आठवड्यात मोडाव्याच लागतात.

इथे ड्रिबल नाही, बॉल हातात घेऊन पळणं नाही आणि रिंगच्या मागे फळी नाही, त्यामुळे आपटून आत घालणं विसरा, बॉल वरूनच रिंगमध्ये पडला पाहिजे. रिंग पण लहान, 38 सेंटीमीटरची, बास्केटबॉलची साधारण 45 ची असते. बॉल मात्र 5 नंबरचा, फुटबॉलएवढा. आणि सगळ्यात मोठा फरक म्हणजे कुणीही कुठेही जाऊ शकत नाही. आट्यापाट्या खेळला असाल तर लगेच कळेल, तिथे पाटी धरणारा आपली पाटी सोडून जात नाही तसंच, फक्त इथे कुणाला किती जागा ते छातीवरच्या आणि पाठीवरच्या अक्षरांवरून ठरतं. ती अक्षरं ज्या जाकिटावर असतात त्याला बिब म्हणतात. मॅच बघायला बसलात तर पहिली पाच मिनिटं बॉल बघूच नका, बिब बघा, कोण कुठे थांबतंय ते बघा. निम्मा खेळ तिथेच कळतो.

कोर्ट 30.5 मीटर लांब, 15.25 मीटर रुंद. आडव्या दोन रेषांनी त्याचे तीन सारखे भाग होतात, त्यांना सगळे थर्डच म्हणतात. दोन्ही टोकांना पोस्टसमोर (म्हणजे रिंगचा खांब) 4.9 मीटर त्रिज्येचं अर्धवर्तुळ, ते गोल सर्कल (नाव सर्कल, आहे अर्धंच). कोर्टच्या मधोमध 90 सेंटीमीटरचं एक छोटं वर्तुळ, तिथून खेळ सुरू होतो. एका बाजूला सात जणी. मुलगे पण खेळतात हा खेळ, मी आपलं सवयीने "ती" म्हणतोय. 15 मिनिटांचे चार क्वार्टर.

आता पोझिशन. ह्या जोडीजोडीने लक्षात ठेवा कारण प्रत्येकीला समोरच्या टीमची एक जण चिकटलेली असते.

जीएस, गोल शूटर. हिला फक्त अटॅकचा थर्ड, म्हणजे आपली टीम जिथे गोल करते तो, आणि त्यातलं सर्कल, बास. म्हणून लोकांना वाटतं सोपं काम आहे, उभं राहायचं नि टाकायचं. पण त्या एवढ्याशा जागेत मागे समोरच्यांची जीके, म्हणजे गोल कीपर, सावलीसारखी उभी असते आणि तिला शरीराने अडवून पुढे हात लांब करून बॉल घ्यायचा ही वेगळीच कला आहे. उंच मुलगी असेल तर अर्थातच फायदा, जमैकाची जनील फाउलर 198 सेंटीमीटरची आहे, तिला वरून बॉल टाकला की कीपरने करायचं काय.

जीए, गोल अटॅक. शूट करायचा हक्क फक्त जीएस आणि जीए ह्या दोघींनाच, बाकी कुणी रिंगखाली उभं राहून टाकला तरी गोल नाही. जीए मधल्या थर्डमध्येही येते, पास घेते, मग धावत सर्कलमध्ये शिरते. तिच्या मागावर जीडी, गोल डिफेन्स.

डब्ल्यूए, विंग अटॅक. हिला मधला थर्ड आणि अटॅकचा थर्ड, पण सर्कलमध्ये पाय टाकायचा नाही. सर्कलच्या काठावर येऊन आत शूटरला बॉल पुरवणं हे तिचं काम. इथे एक गोष्ट नवीन मुलींना सांगितलीच पाहिजे, रेषेवर पाय चालतो, आणि आतल्या बाजूला वाकून हवेतला बॉल घेतलेला पण चालतो, फक्त आतल्या जमिनीला पाय लागता कामा नये. लागला की ऑफसाइड. बॉल हातात नसला तरीसुद्धा ऑफसाइडच, हे विसरून मुली उगाच "मी कुठे बॉलला हात लावला" म्हणून वाद घालतात.

डब्ल्यूडी, विंग डिफेन्स, डब्ल्यूएला आवरणारी. मधला थर्ड आणि आपला डिफेन्सचा थर्ड, सर्कल नाही. ही सगळ्यात दुर्लक्षित पोझिशन. बऱ्याच शाळांत जी मुलगी उरते तिला डब्ल्यूडीचं बिब देतात, आणि मग समोरची डब्ल्यूए आरामात सर्कलच्या काठावर येऊन पास देत सुटते. माझं मत विचाराल तर टीममधली सगळ्यात चिवट, चिकट पोरगी इथे ठेवा.

सी म्हणजे सेंटर. तिन्ही थर्ड मोकळे, फक्त दोन्ही सर्कल बंद. ज्या मुलीचा दम सगळ्यात जास्त तिला सी. नियमात हिला एवढी किंमत आहे की कोर्टवर निदान पाच जणी असल्या तर टीम खेळू शकते, पण त्या पाचात एक सी असायलाच हवी.

जीडीला मधला थर्ड, डिफेन्सचा थर्ड आणि तिथलं सर्कल. जीकेला फक्त डिफेन्सचा थर्ड आणि सर्कल, जीएसचा बरोब्बर आरसा.

खेळ सुरू होतो सेंटर पासने. सी त्या छोट्या वर्तुळात बॉल घेऊन उभी, समोरची सी मधल्या थर्डमध्ये, बाकी सगळ्या आपापल्या टोकाच्या थर्डमध्ये रेषेमागे. शिट्टी वाजली की डब्ल्यूए, जीए, डब्ल्यूडी, जीडी मध्ये धावतात आणि सीने 3 सेकंदांत पास द्यायचा, तो मधल्या थर्डमध्येच कुणीतरी घेतला किंवा निदान त्याला हात लावला पाहिजे. शिट्टीआधी रेषा ओलांडली की गेलात. आणि गंमत अशी की गोल कुणी का करेना, सेंटर पास आळीपाळीनेच मिळतो, एकदा तुम्ही एकदा ते. म्हणजे समोरच्यांचा सेंटर पास असताना बॉल हिसकावून गोल केलात तर पुढचा सेंटर पास पण तुमचाच, दोन गोलचा हिशोब फिरला. कोच लोक बॉल हिसकावण्यावर एवढे जीव का टाकतात ते ह्यावरून समजेल.

आता फुटवर्क, जिथे नव्वद टक्के नवीन मुली अडकतात (आकडा अंदाजाचा आहे, पण कुठल्याही मैदानावर जाऊन बघा). बॉल पकडताना जो पाय आधी जमिनीला लागला तो तुमचा लँडिंग फूट. दुसरा पाय हवा तिथे टाका, कितीही वेळा टाका, लँडिंग फूटवर गोल फिरा. लँडिंग फूट उचलला तरी चालतो, पण तो परत जमिनीला टेकायच्या आत बॉल हातातून सुटला पाहिजे. त्याच पायावर लंगडी घालायची नाही, पाय फरफटवायचा नाही. दोन्ही पाय एकदम टेकले तर कुठलाही एक तुमचा लँडिंग फूट धरता येतो, म्हणून सुरुवातीला दोन्ही पायांवर उतरायचीच सवय लावा. सराव सोपा आहे, दोघी-दोघी समोरासमोर, एक बाजूला बॉल टाकते, दुसरी धावत येऊन उडी मारून पकडते, उतरते, थांबते, फिरते, मग पास. पास जोरात नसला तरी चालेल, पण थांबणं आलंच पाहिजे. बॉल हातात 3 सेकंदच, आणि शूट करणाऱ्यांनाही तेवढेच.

बॉल पकडायच्या आधी एकदा टप्पा पाडून किंवा हाताने मारून ताब्यात घेता येतो, पण एकदा पकडून सोडला आणि दुसऱ्या कुणाचा हात लागायच्या आत परत आपणच घेतला की फाउल. शूटरला सूट एवढीच की बॉल रिंगला किंवा पोस्टला लागून परत आला तर तिने घेतला तर चालतो, हवेतच चुकून खाली आला तर नाही. आणि एका टोकाच्या थर्डमधून मधला थर्ड पूर्ण ओलांडून थेट दुसऱ्या टोकाला बॉल फेकायचा नाही, मध्ये कुणाचा तरी हात लागलाच पाहिजे, ह्याला ओव्हर अ थर्ड म्हणतात.

डिफेन्सचा मुख्य आकडा 0.9 मीटर, म्हणजे 3 फूट. बॉल जिच्या हातात आहे तिच्या लँडिंग फूटपासून एवढ्या अंतरावर तुमचा जवळचा पाय हवा, मग हात वर करा, वाकून बॉलवर हात आणा, उडी मारा. जवळ राहून हात वर केले तर ऑब्स्ट्रक्शन. धक्का दिला, ढकललं, हात मारला तर काँटॅक्ट. 3 फूट म्हणजे किती हे मुलींना तोंडी सांगून कळत नाही, खडूने जमिनीवर आखा आणि डोळ्यात बसेपर्यंत तिथेच उभं करा.

शिक्षा दोन प्रकारच्या. फुटवर्क, ऑफसाइड, 3 सेकंद असल्या चुकांना फ्री पास, त्यावरून थेट शूट करता येत नाही. काँटॅक्ट आणि ऑब्स्ट्रक्शनला पेनल्टी पास, आणि तो सर्कलमध्ये मिळाला तर शूटर पास किंवा शूट, हवं ते करू शकते. चूक करणारीने पास टाकणारीच्या बाजूला उभं राहायचं, आणि बॉल तिच्या हातातून सुटेपर्यंत हलायचं नाही, बोलायचं पण नाही. म्हणजे तेवढा वेळ तुमची एक खेळाडू कमी, म्हणून सर्कलमध्ये जीकेने उतावीळपणा केला की महागात पडतं.

एकेक गोल एकाच गुणाचा पण मोठ्या मॅचमध्ये दोन्ही बाजूंचे पन्नास-पन्नास होतात, आणि तरी शेवट एका गोलवर येतो. 2018 च्या गोल्ड कोस्ट कॉमनवेल्थ फायनलमध्ये हेलन हाउसबीने अगदी शेवटच्या क्षणाला गोल टाकला आणि इंग्लंडने ऑस्ट्रेलियाला 52-51 ने हरवलं. पुढच्या वर्षी वर्ल्ड कपच्या फायनलला पुन्हा 52-51, पुन्हा ऑस्ट्रेलिया हरली, ह्या वेळी न्यूझीलंडकडून. हे दोन व्हिडिओ मुलींना दाखवा, पण शेवटचा एक मिनिट नाही तर एक अख्खा क्वार्टर, आणि प्रत्येकीला सांगा की तुझं अक्षर जिच्या अंगावर आहे फक्त तिच्याकडेच बघ.

मॅचच्या आदल्या रात्री नखं कापायला सांगा. अंपायर मॅचआधी नखं तपासतात, अंगठी-बांगड्या-कानातलं काढायला लावतात. पायात ग्रिपचे बूट, पाण्याची बाटली, केस घट्ट बांधलेले. आणि बिबचा सेट धुऊन मोजून बॅगेत टाका, त्यातलं सीचं बिब नेहमी कुणाच्या तरी घरीच राहिलेलं असतं.